विरजण आणि व्हायरस

या वीकेंडला बोईसरला घरी होतो. रात्री आई दुधाला विरजण लावत होती आणि आठवडाभर डोक्यात घोळणारा विषय परत वर आला. जरा संकोचाचा आहे, पण वाचाच.

दह्यातल्या जीवाणूंचे भाऊबंद, म्हणजे लॅक्टोबॅसिलस, स्त्रीच्या योनीमार्गातही राहतात. जर्मन डॉक्टर डोडरलाइन यांनी १८९२ सालीच त्यांचं वर्णन केलं होतं. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि उपद्रवी जंतूंना थारा देत नाहीत. थोडक्यात, फुकटचा फायरवॉल! तो ढासळला की एचआयव्हीचा धोकाही वाढतो.

मग या फायरवॉललाच पॅच मारला तर? १९९७ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञांनी नॉस्टॉक या निळ्या-हिरव्या शेवाळातलं सायनोव्हिरिन नावाचं प्रथिन जाहीर केलं. ते एचआयव्हीच्या आवरणाला चिकटतं, की विषाणू पेशीत शिरू शकत नाही. पुढे कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी त्याचं जनुक लॅक्टोबॅसिलस जेन्सेनीत बसवलं. २०११ मध्ये माकडिणींवरच्या प्रयोगाचे निकाल आले: दर संपर्कामागे लागण होण्याचं प्रमाण ६३ टक्क्यांनी कमी!

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? कंडोम आहेत की. पण आमच्या तारापूर एमआयडीसीत बघा. घरापासून लांब राहणारे कामगार, रात्रंदिवस ट्रकची ये-जा. कंडोम वापरायचा की नाही हे ठरवतो पुरुष. बायकोने विषय काढला तर संशयाची सुई तिच्याकडेच!

म्हणून तिच्या हातातलं साधन हवं होतं. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत कडुनिंब, रिठा वगैरेंपासून बनवलेल्या 'प्रनीम' गोळीची सुरक्षितता तपासली गेली. आफ्रिकेतल्या 'व्हॉइस' चाचणीत रोज लावायच्या टेनोफोविर जेलवर मोठी भिस्त होती. २०१३ मध्ये त्या आशेवर (वाईट अर्थाने) विरजण पडलं, कारण बहुतेक जणींनी ते रोज वापरलंच नव्हतं. जीवाणूंची गंमत इथेच आहे. एकदा रुजले की रोज आठवण ठेवायला नको.

बदललेला जीवाणू अजून औषध म्हणून आलेला नाही. (आणि घरचं दही हे औषध नव्हे, कृपया प्रयोग नकोत!) दरम्यान २०२४ मध्ये वर्षातून दोनदा घ्यायच्या लेनाकॅपाव्हिर इंजेक्शनने बाजी मारली. ते मिळालेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही.

इंजेक्शन असो की जीवाणू, रिक्वायरमेंट तीच: तिला कुणाची परवानगी मागावी लागू नये. ती लिहायला आपल्याला इतकी वर्षं का लागली, हा बग मात्र लॅबमधला नाही.

असो. सकाळी दही मस्त लागलं होतं.