मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांचे बहुमान : एक टांचण

मराठी रंगभूमीच्या अभ्यासकांनीं आजवर जे कागद जमविले आहेत त्यांत नाटकांच्या जाहिरातींचा भरणा मोठा आहे. हीं पत्रकें चाळतांना एक गोष्ट वारंवार नजरेस येते. नटांच्या नांवामागें बिरुदांची माळ लागलेली असते, नाटककर्त्याचें नांव ठळक अक्षरांत असतें. पण पदांना चाली कोणीं दिल्या तें पुष्कळदा शोधून काढावें लागतें. ह्याचें कारण कंपनीवाल्यांचा कृपणपणा असें कित्येक समजतात. आमचें मत तसें नाहीं. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’पासून (१८८०) पद रचावयाचें तें एखाद्या प्रसिद्ध गीताच्या चालीवर, असाच प्रघात होता, व छापील पुस्तकांत पदाच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून त्या मूळ गीताचा निर्देश केलेला असे. चाल उसनी, तेव्हां चालीचा कर्ता निराळा सांगण्याचें प्रयोजनच नव्हतें. १९११ सालीं ‘मानापमाना’स गोविंदराव टेंबे यांनीं व १९१६ सालीं ‘स्वयंवरा’स भास्करबोवा बखले यांनीं चाली दिल्या, तेव्हांपासून हा कर्ता स्वतंत्रपणें लोकांपुढें आला. ज्याला नांवच नुकतें मिळालें त्याला बहुमान उशिरां मिळावे ह्यांत नवल नाहीं.

बखलेबोवांचे शिष्य कृष्णराव फुलंब्रीकर यांच्या बहुमानांची छाननी येथें योजिली आहे. सनद हातीं आली असतां आपण जें पाहतों तेंच येथेंही पाहावयाचें : दाता कोण, घेणारा कोण, हेतु कोणता, आणि मिति काय. गाणाऱ्यांच्या बिरुदांना ह्या चारी कसोट्या क्वचितच लागू पडतात. ‘बालगंधर्व’ हें नांव लोकमान्य टिळकांनीं दिलें, ‘सवाई गंधर्व’ हें दादासाहेब खापर्डे यांनीं दिलें, असें सांगतात. तें तोंडी परंपरेनें चालत आलें आहे. तोंडची सनद खोटीच असते असें नव्हे; परंतु ताम्रपटाच्या रांगेंत तिला बसवितां येत नाहीं, आणि संग्राहकांनीं दोहोंची सरमिसळ करूं नये.

पहिला बहुमान म्हणजे ‘मास्टर’ हाच शब्द. कृष्णराव यांचा जन्म १८९८ सालीं आळंदीस झाला. लहानपणींच ते नाट्यकला प्रवर्तक मंडळींत गाते बालनट म्हणून दाखल झाले. सवाई गंधर्वांचा सहवास त्यांना तेथेंच घडला. नाटकांतील गात्या मुलाच्या नांवामागें ‘मास्टर’ लावण्याची त्या काळीं चाल होती. इंग्रजींत हा शब्द अल्पवयी मुलास लावितात व तोच शब्द गुरूसही लावितात. आमच्यासारख्या शाळेंत जन्म काढलेल्या माणसास तर तो अंगवळणीं पडलेला! कृष्णरावांच्या बाबतींत मौज अशी कीं, पोरवयाची ही खूण वय वाढलें तरी गळून पडली नाहीं. अर्थ मात्र पालटला, आणि बालनटाचा ‘मास्टर’ तो आचार्य ह्या अर्थाचा ‘मास्टर’ झाला. मास्टर दीनानाथ मंगेशकर यांचेंही तसेंच झालें. हा शब्द कोणत्या दिवशीं, कोणत्या सभेंत दिला हें कोणी विचारीत नाहीं, आणि तरीही तोच सर्वांत टिकला.

दुसरें बिरुद ‘संगीतकलानिधि’. हें शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनीं दिलें. येथें दाता धर्मपीठस्थ आहे, म्हणून जुन्या पद्धतीच्या मानपत्राशीं ह्याचें नातें जवळचें. परंतु एक घोटाळा टाळला पाहिजे. मद्रासच्या म्यूझिक अकॅडमीनें ‘संगीतकलानिधि’ ही पदवी १९४२ सालीं सुरू केली व १९२९ पासूनच्या आपल्या पूर्वाध्यक्षांनाही ती मागाहून दिली. ती पदवी कर्नाटक पद्धतीच्या संगीतज्ञांची. नाम एक पण दाते दोन, असा हा प्रकार असल्यामुळें केवळ शब्दसाम्यावरून कृष्णरावांचें नांव त्या यादींत शोधणें व्यर्थ होय.

हे मान ज्या कामाबद्दल मिळाले तें काम थोडक्यांत सांगतों. बखलेबोवा १९२२ सालीं वारल्यावर गंधर्व नाटक मंडळींत चाली देण्याचा भार शिष्यावर आला. ‘मेनका’ (१९२६), ‘कान्होपात्रा’ (१९३१), ‘अमृतसिद्धि’ (१९३३) हीं नाटकें त्या काळचीं. पुढें प्रभात कंपनीच्या ‘धर्मात्मा’, ‘अमरज्योति’, ‘गोपालकृष्ण’, ‘माणूस’, ‘शेजारी’ ह्या बोलपटांना त्यांनीं संगीत दिलें. नाट्यनिकेतनाच्या ‘कुलवधू’मुळें (१९४२) तर त्यांची भैरवी घरोघर गेली. पुण्याच्या भारत गायन समाजाची धुरा त्यांनीं दीर्घकाळ वाहिली, व ‘रागसंग्रह’ ह्या नांवानें सात भागांत चिजा स्वरलिपीसह छापविल्या.

आतां ज्या दोन कामांना कोणतीही पदवी चिकटलेली नाहीं त्यांविषयीं लिहिणें आम्हांस अधिक अगत्याचें वाटतें. पहिलें ‘वंदे मातरम्’चें. हें गीत राष्ट्रगीत व्हावें म्हणून कृष्णरावांनीं त्यास झिंझोटी रागांत चाल दिली, आणि दिल्लीस जाऊन घटनासमितीच्या सभासदांना ती ऐकविली. विरोधी पक्षाचा आक्षेप काव्यावर तर होताच, पण वाद्यवृंदावरही होता : २५ ऑगस्ट १९४८ रोजीं पंडित नेहरूंनीं सभागृहांत निवेदन केलें त्यांत वाद्यवृंदास ‘जन गण मन’ अधिक सोयीचें, हा एक मुद्दा होता. कृष्णरावांनीं आपल्या चालीचा बँडवर वाजण्याजोगा नमुना सिद्ध करून ह्या आक्षेपाला उत्तर दिलें. शेवटीं २४ जानेवारी १९५० रोजीं निर्णय ‘जन गण मन’च्या बाजूनें झाला व ‘वंदे मातरम्’ला समान मान देण्याचें जाहीर झालें. चाल हरली हें खरें. पण गायकानें स्वरांच्या आधारें राजकीय आक्षेपाचें खंडन करावें, असा प्रसंग आमच्या इतिहासांत विरळाच.

दुसरें काम बुद्धवंदनेचें. १९५६ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या सांगण्यावरून कृष्णरावांनीं पाली वंदनेला स्वर दिले. ज्यांना पाठशाळेंतील छंदःशास्त्राची संवय आहे त्यांस ह्यांतली अडचण सांगावयास नको. पालींत द्वित्त व अनुस्वार यांनीं मात्रांचें वजन ठरतें. रंगभूमीची तान तेथें घुसली तर गुरु लघु होतो आणि अर्थ बुजतो. ‘स्वयंवरा’च्या संस्कारांत वाढलेल्या गायकास येथें आपलें अर्धें वैभव बाजूस ठेवणें भाग होतें.

सरकारी बहुमान ह्यानंतरचा. बालगंधर्वांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९५५ सालीं व पद्मभूषण १९६४ सालीं मिळालें. ज्यांच्या चाली त्यांनीं गाइल्या त्या कृष्णरावांना पद्मभूषण मिळालें १९७१ सालीं, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षीं. १९७२ सालीं अकादमीनें त्यांस आपलें रत्नसदस्यत्व दिलें. आणि २० ऑक्टोबर १९७४ रोजीं ते पुण्यास निवर्तले. गात्या नटाचा मान आधीं व चाल देणाराचा सात वर्षांनीं मागाहून, हा क्रम जुन्या जाहिरातींतील अक्षरांच्या आकाराशीं जुळणाराच आहे. ह्यांत बालगंधर्वांचा मान कमी लेखण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु नटाचा गळा आणि चालीचा कर्ता हीं दोन निरनिराळीं पदें आहेत हें ध्यानांत यावयास येवढा उशीर लागला, हें नमूद केल्यावांचून राहवत नाहीं.

शेवटीं सूचिकारांच्या उपयोगाची एक बाब. राज्यघटनेच्या अठराव्या कलमानें पदव्या देण्यास बंदी आहे. पद्म पुरस्कार ह्या पदव्या नव्हेत व त्या नांवामागें-पुढें लावूं नयेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ सालचा निर्णय आहे. सबब ‘पद्मभूषण मास्टर कृष्णराव’ अशी नोंद, जी पुष्कळ ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर व स्मरणिकांत आढळते, ती दुरुस्त करावी. नोंद ‘फुलंब्रीकर, कृष्ण गणेश’ अशी असावी; ‘मास्टर कृष्णराव’ ह्या नांवाखालीं तिचा निर्देश द्यावा; पुरस्कार सालवार खालीं लिहावे. ज्यांच्या संग्रहीं गंधर्व मंडळींच्या नाटकांच्या वह्या असतील त्यांनीं पदांशेजारीं शिसपेन्सिलीनें केलेल्या राग-तालाच्या खुणा पुसूं देऊं नयेत व वही पुन्हां बांधतांना समासही कापूं नये. चाल कोणाची हा वाद पडल्यास त्या खुणांइतका जवळचा साक्षीदार दुसरा नाहीं.