बदलीचा कागद आणि ठरावाची वही

एप्रिल २००१ मध्ये कर्नाटक सरकारने एक आदेश काढला आणि राज्यातल्या सरकारी प्राथमिक शाळांमध्ये पालकांतून निवडलेल्या समित्या आल्या. कन्नडमध्ये त्यांचे नाव ‘शाला अभिवृद्धी मत्तू मेलुस्तुवारी समिती’, म्हणजे शाळा विकास आणि देखरेख समिती. आम्ही बेळगावकडचे मराठी शाळावाले तिला सुरुवातीपासून एसडीएमसीच म्हणत आलो. अध्यक्ष पालकांतला, चिटणीस मुख्याध्यापक. मी तेव्हा बेळगाव तालुक्यातल्या एका मराठी शाळेची मुख्याध्यापिका होते, म्हणजे ओघानेच समितीची चिटणीस. निवृत्तीनंतर मुलीकडे बेंगळूरला आले आणि आता इथल्या एका सरकारी कन्नड शाळेच्या समितीत शिक्षणप्रेमी म्हणून बसते.

समितीला कामे दोन. शिक्षक वेळेवर येतात का, नीट शिकवतात का, मुलांवर हात उगारत नाहीत ना, हे पाहायचे. आणि शाळा पुढच्या काही वर्षांत कशी सुधारेल त्याचा आराखडा करायचा. हे काहीतरी नवे खूळ आहे असे आमच्या शिक्षकांना तेव्हा वाटले होते. प्रत्यक्षात शंभरहून अधिक वर्षे आपण हाच प्रश्न सोडवतो आहोत, आणि तो सोडवताना मुंबई इलाखा आणि म्हैसूर संस्थान दोघांनी जवळजवळ एकाच काळात एकाच दगडावर ठेच खाल्ली. बेळगाव आणि बेंगळूर अशा दोन्ही ठिकाणी बसल्यामुळे मला ही गोष्ट सांगावीशी वाटते.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. आपण ते वाचतो ते बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी, आणि ते बरोबरच आहे. पण त्यात शाळा-तपासणीवरही त्यांनी नेमके बोट ठेवले आहे. वर्षातून एकदा अधिकारी येऊन जातो, त्याचा उपयोग नाही. निदान दर तिमाहीला तपासणी हवी, आणि मधूनमधून न कळवता जायला हवे, असे ते सांगतात. गावच्या आणि जिल्ह्याच्या अंमलदारांवर भिस्त ठेवू नका, त्यांना इतर कामांतून सवड नसते, हेही त्यांनी बजावले. शिक्षक कसा असावा याबद्दलही ते बोलले: नांगर धरायला लाजणार नाही, खालच्या म्हटल्या जाणाऱ्या लोकांत मिसळेल असा. शिक्षकाचे वर्तन आणि शाळेवरची देखरेख हे दोन्ही विषय एकाच निवेदनात आले आहेत. फक्त देखरेख करायची कोणी, हे तेवढे पुढच्या पिढ्यांवर राहिले.

म्हैसूरकडे त्याआधीच, १८६८ मध्ये, बी. एल. राईस यांनी होबळी शाळांची योजना मांडली होती. हेच राईस पुढे कर्नाटकातले शिलालेख गोळा करणारे म्हणून प्रसिद्ध झाले, जन्म बेंगळूरचाच. होबळी म्हणजे काही गावांचा महसुली गट. प्रत्येक होबळीत एक शाळा, असा तो विचार. तोवर सरकारी शिक्षण मोठ्या गावांच्या वेशीवरच थांबलेले होते. १९१३ मध्ये, विश्वेश्वरय्या दिवाण असताना, म्हैसूरने निवडक ठिकाणी सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला. सगळे कौतुकास्पद, पण शाळेची दोरी खात्याच्या हातात होती.

मग स्वराज्याचे वारे आले. मुंबई इलाख्यात १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळा लोकल बोर्डांकडे आणि नगरपालिकांकडे गेल्या. त्यांची स्कूल बोर्डे झाली. बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार हे जिल्हे तेव्हा मुंबई इलाख्यातच होते. माझ्या लहानपणीसुद्धा जुनी माणसे सरकारी शाळेला ‘बोर्डाची शाळा’ म्हणत. निवडून आलेल्या माणसांनी शाळा चालवायच्या, ही कल्पना थोर होती. पण स्कूल बोर्डाच्या हातात तीन गोष्टी एकदम पडल्या: शिक्षकाची नेमणूक, शिक्षकाची बदली आणि शिक्षकावरची कारवाई. मास्तर हा गावातला लिहिता-वाचता माणूस. निवडणुकीत त्याचा शब्द चालतो. जो मास्तर आपल्या बाजूने बोलला तो सोयीच्या गावी, जो बोलला नाही तो नदीपलीकडे. तक्रारी इतक्या वाढल्या की १९३८ मध्ये बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाला, म्हणजे स्वराज्यासाठी तुरुंगात गेलेल्या माणसांच्याच सरकारला, कायदा दुरुस्त करून तपासणी आणि प्रशासनाची सूत्रे बरीचशी पुन्हा सरकारकडे घ्यावी लागली. बोर्डाचा प्रशासकीय अधिकारी सरकारी माणूस झाला. १९४७ च्या कायद्याने जिल्हा स्कूल बोर्डे ठेवली, पण शिक्षकनिवडीसाठी वेगळी समिती केली.

म्हैसूरची वाट वेगळी होती, राजा वेगळा होता, भाषा वेगळी होती. तरी तिथेही १९३० च्या सुमारास प्राथमिक शाळा स्थानिक शिक्षण मंडळांकडे सोपवल्या गेल्या आणि १९४१ मध्ये नवा कायदा करून सरकारने त्या परत घेतल्या. दोन राज्ये, दहा-पंधरा वर्षांचे दोन प्रयोग आणि शेवट सारखाच. मला हा योगायोग वाटत नाही. लोकांना शाळा सांभाळता येत नव्हती असा अर्थ त्यातून अनेकांनी काढला, आणि खात्यातले लोक तर अजून काढतात. माझे मत वेगळे आहे. लोकांकडे शाळा देताना शिक्षकाच्या पोटावर पाय देण्याची सत्ताही दिली गेली, आणि तीच सत्ता सगळ्यांना हवी होती. मुलांना वाचता येते का, हे पाहायला बैठकीत वेळच उरला नसणार.

हा गुंता ज्यांनी नीट उकलला त्यांत मी जे. पी. नाईकांचे नाव पहिले घेईन. कोल्हापूरकडच्या बहिरेवाडीचा हा माणूस. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगून ते धारवाड जिल्ह्यातल्या उप्पिन बेटगेरी या खेड्यात जाऊन राहिले, तिथे ग्रामसुधारणा केली. पुढे गारगोटीला मौनी विद्यापीठ उभे केले. मराठी आणि कानडी दोन्ही मुलखांतल्या शाळा त्यांनी पायी पाहिलेल्या. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. त्या अहवालात दोन गोष्टी आहेत ज्या आजच्या एसडीएमसीच्या पायात गाडलेल्या दिसतात. एक, शिक्षकाचा पगार आणि नोकरी वरच्या पातळीवर ठेवावी. गावच्या समितीने शाळेची इमारत, साहित्य, दुरुस्ती, मुलांच्या सोयी सांभाळाव्यात. दोन, प्रत्येक शाळेने आपली योजना आपण करावी. दिल्लीची पंचवार्षिक योजना तेव्हा वरून खाली यायची, तशी शाळेची योजना खालून वर जावी.

तोवर १९५६ साली १ नोव्हेंबरला आमचे जिल्हे म्हैसूर राज्यात आले होते. त्या दिवसाबद्दल सीमाभागातल्या मराठी माणसाला काय वाटते ते इथे सांगत बसत नाही. ती जखम वेगळी आहे. शाळांपुरते सांगायचे तर मुंबईच्या पद्धतीच्या आमच्या शाळा आणि म्हैसूरच्या पद्धतीच्या बेंगळूरच्या शाळा एका खात्याखाली आल्या. महाराष्ट्रात १९६२ पासून प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे गेल्या. कर्नाटकात रामकृष्ण हेगडे मुख्यमंत्री आणि अब्दुल नझीर साब पंचायत राज मंत्री असताना जिल्हा परिषदा आणि मंडल पंचायतींना खरी ताकद मिळाली, १९८७ पासून. मास्तर शाळेत नसला तर सांगायला तालुक्याला जावे लागत नाही, हे गावाला त्या काळात पहिल्यांदा कळले. मग ते सरकार गेले, आणि ती हवाही गेली.

२००१ च्या आदेशामागे अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णा यांच्या अध्यक्षतेखालचा शिक्षण कृतिदल होता. आधीच्या ग्राम शिक्षण समित्यांत पालकाचा आवाज पंचायतीखाली दबायचा. आता ज्याचे मूल त्या शाळेत आहे तोच सभासद. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने, जो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, हेच देशभर नेले: तीन चतुर्थांश सभासद पालक, निम्म्या स्त्रिया. कलम २१ मध्ये देखरेख, कलम २२ मध्ये शाळा विकास आराखडा. शिक्षकाची कर्तव्ये कलम २४ मध्ये: नियमित आणि वेळेवर यावे, अभ्यासक्रम पुरा करावा, मागे पडलेल्या मुलाला जास्त शिकवावे, पालकांना भेटून मुलाची प्रगती सांगावी. कलम १७ ने मारणे बंद, कलम २८ ने खासगी शिकवणी बंद. आणि शिक्षकाच्या बाजूनेही एक कलम आहे, २७ वे: जनगणना, निवडणूक आणि आपत्तिनिवारण सोडून त्याला दुसऱ्या बिगर-शैक्षणिक कामाला जुंपायचे नाही. हे पाळले जाते का तेही समितीनेच पाहायचे. शिक्षकांवर नजर आणि शिक्षकांचे रक्षण एकाच समितीकडे आहे, ही या कायद्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट.

बदली मात्र समितीकडे नाही. कर्नाटकात ती २००७ पासून वेगळ्या कायद्याने, समुपदेशनातून होते. त्याने काय फरक पडतो ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्या शाळेत एक गुरुजी सोमवारी उशिरा यायचे. शनिवारी दुपारी गावी जायचे, आई अंथरुणाला खिळलेली, सोमवारी पहिली एसटी चुकली की चौथीच्या वर्गाचा पहिला तास रिकामा. मासिक बैठकीत इतिवृत्त वाचून कायम झाले आणि एक तरुण बाप उभा राहिला: बदली करा म्हणून ठराव लिहा. मी सांगितले, तो अधिकार आपल्याकडे नाही. तो चिडला. मग मागच्या रांगेतली एक आई म्हणाली, मस्टर दाखवा. पालकांना मस्टर दाखवायचे, याची सवय तोवर कोणालाच नव्हती. मी कपाटातून आणून सतरंजीवर उघडले. तिला अक्षर जेमतेम येत होते, पण सोमवारच्या रकान्यांवर बोट ठेवून ती एकेक वेळ विचारत गेली, आणि गुरुजी समोर बसून उत्तर देत गेले. ती रागावली नव्हती. आईची चौकशीही तिनेच केली. शेवटी ठराव झाला तो असा: गुरुजींनी रविवारी रात्रीच परतावे, अडचण असेल त्या सोमवारी किरकोळ रजा टाकावी म्हणजे मुख्याध्यापिका वर्ग दुसऱ्याकडे देतील, मस्टर दर बैठकीत ठेवावे. सूचक तीच बाई, अनुमोदक तो चिडलेला बाप. त्यानंतरच्या बैठकांत आम्ही मस्टर ठेवत गेलो आणि सोमवारच्या सह्या वेळेत पडत गेल्या. बदलीचा अधिकार हातात असता तर पाच मिनिटांत कागद लिहून झाला असता, आणि चौथीचा वर्ग महिनोन्महिने बिनगुरुजींचा राहिला असता.

बेंगळूरची गोष्ट मात्र अवघड आहे. खेड्यात पालक आणि मास्तर एकमेकांना ओळखतात. इथे आमच्या शाळेतले बरेच पालक यादगीर, रायचूर, कलबुर्गीकडून बांधकामावर आलेले. इमारत उभी राहिली की कुटुंब दुसऱ्या टोकाला. समितीची मुदत संपायच्या आत सभासदच गाव सोडतात. आया गारमेंट कारखान्यात. कामाच्या दिवशी बैठक ठेवली तर त्यांचा दिवसाचा पगार जातो, म्हणून रविवारी ठेवतो, आणि मग शिक्षकांची सुट्टी जाते. नृपतुंग रोडवरच्या शिक्षण आयुक्तालयातून निघणारी परिपत्रके खेडे डोळ्यांपुढे धरून लिहिल्यासारखी वाटतात. राजधानीच्या शहरातल्या पालकाचे फिरते आयुष्य त्यांच्या हिशेबात नसते. समितीची जागा अधेमधे सहज भरता यावी, बैठक संध्याकाळी घेता यावी, एवढी मोकळीक दिली तरी पुष्कळ होईल.

आणि आराखड्याचा नमुना. आदर्श नियमांप्रमाणे तो तीन वर्षांचा, त्यात तीन वार्षिक भाग, आर्थिक वर्ष संपायच्या तीन महिने आधी तयार. इयत्तावार पटसंख्येचा अंदाज, जादा शिक्षक किती, खोल्या किती, पैसे किती. मागच्या वेळी आम्ही तो भरायला बसलो. स्वच्छतागृहाला पाणी आहे पण आतून कडी नाही, म्हणून मोठ्या मुली दुपारी घरी जातात, हे एका आईने सांगितले तेव्हा ते दुरुस्तीच्या रकान्यात गेले. मग यादगीरकडच्या एका बाईने विचारले, माझी मुलगी पाचवीत आहे, तिला धडा वाचता येत नाही, ते कुठल्या रकान्यात लिहायचे? नमुन्यात तसा रकानाच नव्हता. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले, मी मुख्याध्यापकांकडे. कोठारी आयोगाच्या वेळी नाईकांनी शाळेच्या योजनेत पहिला विचार धरला होता तो आहे त्या साधनांत शिकवणे कसे सुधारेल याचा. खोल्या आणि पैसे नंतर, हे मी सांगितले. आमच्या मुख्याध्यापकांना ते पटले असावे, कारण त्यांनी नमुन्याला एक कोरा कागद जोडला आणि इयत्तेप्रमाणे धडा न वाचता येणाऱ्या मुलांची नावे त्यावर घ्यायचे ठरवले, वर्गशिक्षकांच्या सहीसह. दोन शिक्षकांनी आक्षेप घेतला: उद्या हाच कागद आमच्याविरुद्ध वापरला जाईल. आक्षेप रास्त होता, म्हणून ठरावात आणखी एक ओळ घातली, की या यादीवरून कोणत्याही शिक्षकावर कारवाईची मागणी समिती करणार नाही. तेव्हा सह्या झाल्या. यंदाचा आराखडा डिसेंबरअखेर द्यायचा आहे. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे तो जोडकागदासह जाईल, आणि हा रकाना छापील नमुन्यातच यावा असा आमचा अर्ज त्याच्यासोबत.