तेरुएलचे मनोरे आणि मुदेहार वारसा

स्पेनमधील आरागॉन प्रदेशातील तेरुएल हे टेकडीवरील लहान नगर राजा दुसरा आल्फोन्सो याने इ.स. ११७१ मध्ये जिंकले. ख्रिस्ती सत्तेखाली स्वधर्म राखून राहिलेल्या मुसलमानांना मुदेहार म्हटले जाते. येथील सान मार्तिन चर्चचा विटांचा मनोरा (१३१५-१६) हिरव्या-पांढऱ्या चकाकत्या फरश्यांनी सजला आहे. त्यामुळे अभ्यासकांची दृष्टी बहुधा सजावटीवरच खिळते. वस्तुतः त्याची रचना अधिक बोलकी आहे: मनोऱ्याच्या आत मनोरा आणि दोहोंमधून चढणारा जिना, ही अल्मोहाद मिनारांची पद्धत. घंटा मात्र ख्रिस्ती! आरागॉनच्या मुसलमानांवर १५२६ मध्ये धर्मांतर लादले गेले. १६१० मध्ये त्यांच्या वंशजांना हद्दपार करण्यात आले. या कलेला ‘मुदेहार’ हे नाव होसे आमादोर दे लोस रिओस यांनी १८५९ मध्ये दिले. १९८६ मध्ये तेरुएलच्या वास्तू युनेस्कोच्या यादीत आल्या, त्या याच नावाने.