गोधडी

जुन्या सुती कापडाचे अनेक थर एकावर एक पसरून व ते धावदोऱ्याने सर्वांगी शिवून तयार केलेले जाड अंथरूण वा पांघरूण. महाराष्ट्रात सर्वत्र ती आढळते. कोकणात व दक्षिण महाराष्ट्रात तिला ‘वाकळ’ म्हणतात. चार थरांची ती ‘चौघडी’ आणि तान्ह्या मुलाला गुंडाळण्यासाठी केलेले मऊ, लहान वस्त्र म्हणजे ‘दुपटे’. घोंगडी लोकरीची असून ती मागावर विणली जाते. गोधडीला माग लागत नाही. सुई, दोरा, फाटके कापड आणि भरपूर वेळ एवढ्यावर ती उभी राहते.

ठिगळांच्या वस्त्राची परंपरा भारतात पुरातन आहे. संस्कृतातील ‘कंथा’ हा शब्द अशाच वस्त्राचा वाचक असून योगी व भिक्षू यांच्या वेषाशी तो निगडित आहे. विनयपिटकातील महावग्गात मगधातील बांधबंदिस्तीच्या शेतांप्रमाणे तुकडे जोडून चीवर करावे, असा निर्देश आहे. नासिकजवळील पांडवलेण्यांतील लेणे क्र. १० मध्ये क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यानुसार गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने कायम ठेव म्हणून ठेवले होते. त्याच्या वार्षिक व्याजातून म्हणजे २४० कार्षापणांतून लेण्यात वर्षावासासाठी राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा मिळावयाचे. चीवराचे वस्त्रही अखेर तुकड्यांचेच असल्याने नासिक परिसरातील जोडवस्त्राच्या इतिहासाचा प्रारंभ या ठेवीपासून मानण्यास हरकत नसावी. पुढील काळात ठिगळांचे वस्त्र हे विरक्तीचे चिन्ह म्हणून लोकमान्य राहिले. कर्जत (जि. अहिल्यानगर) येथील गोदड महाराजांचे नाव त्यावरूनच रूढ आहे. संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांनाही त्यांच्या चिंध्यांच्या पांघरुणामुळे लोक गोधडे महाराज म्हणत.

घरगुती गोधडीमागील प्रेरणा मात्र विरक्तीची नसून काटकसरीची आहे. तिच्यासाठी घरात जुने कापड शिल्लक उरावे लागते, आणि ते कापडाच्या स्वस्ताईवर अवलंबून असते. या दृष्टीने मनमाड (ता. नांदगाव, जि. नासिक) या गावाचे स्थान लक्षणीय आहे. गावाच्या दक्षिणेस सु. २५ किमी.वर येवला हे हातमागाचे जुने केंद्र आहे, तर उत्तरेस मालेगाव. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेले विणकर मालेगावात स्थायिक झाले व तेथील रंगीत सुती लुगडी खानदेश-मराठवाड्यात खपू लागली. विसाव्या शतकात तेथे यंत्रमाग आले. मुंबईत १८५४ मध्ये पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली. त्यानंतर अल्पावधीतच ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे या भागात पोहोचली. पुढे दौंडकडील व हैदराबाद संस्थानातील लोहमार्गही मनमाडला येऊन मिळाले आणि गाव मोठे प्रस्थानक बनले. गिरणीचे धोतर, मालेगावचे लुगडे आणि शिंप्याकडील चिटाच्या चिंध्या एकाच गाठोड्यात जमाव्यात, अशी ही परिस्थिती होती. येवल्याची रेशमी पैठणी मात्र या गाठोड्यात सहसा येत नसे. ती जीर्ण झाली, तरी तिच्या जरीला मोल होते. या भागातील हिवाळा कडक असतो. जवळच्या निफाडचे किमान तापमान राज्यातील नीचांकी तापमानांत वारंवार नोंदले जाते. पांघरुणाची गरज त्यामुळे खरीखुरी होती.

गोधडीचे मान लुगड्यावरून ठरते. नऊवारी लुगड्याची लांबी सु. ८.२ मी. असते. ते चार पदरी घडविले, की सु. दोन मी. लांबीचे चार थर मिळतात. तळाला धडके कापड, मध्ये विरलेले आणि वर शोभेचे, असा क्रम असतो. हे थर सारवलेल्या जमिनीवर किंवा देवळाच्या ओवरीत पसरून, कडांवर वजने ठेवून, लांब टाच्यांनी आधी पक्के करतात. नंतर कडेपासून शिवण सुरू होते व एकात एक आयत काढीत ती मध्याकडे जाते. आत सुटलेली सुरकुती शिवण सरकेल तशी मध्याकडे ढकलावी लागते; ती मध्येच दाबली गेली, तर तेथे गाठ बसते व ती निजणाऱ्याच्या पाठीला जाणवते. दोन मी. लांब व सव्वा मी. रुंद गोधडीत अडीच सेंमी. अंतराने ओळी घातल्यास शिवणीची लांबी सु. शंभर मी. भरते आणि एक सेंमी.ला एक टाका धरल्यास दहा हजार टाके होतात. शेतातील व घरातील कामे उरकून दुपारी शिवणाऱ्या स्त्रीला त्यासाठी कित्येक आठवडे लागतात.

वरचा थर तुकड्यांचा असल्यास काम याहून लांबते. चोळीचे खण, परकराचा घेर, सदऱ्याची पाठ यांतून चौकोन व त्रिकोण कापून ते एकेक करून जोडले जातात. हवे ते कापड हवे तेव्हा मिळत नाही. कोणाचे तरी वस्त्र फाटेपर्यंत थांबावे लागते. त्यामुळे एखादा थर पुरा होण्यास वर्षेही जातात. घरातील माणसांची वस्त्रे त्यात ओळखू येतात आणि मृताचे लुगडे वा धोतर त्यात घातलेले असल्यास ती गोधडी सहसा परक्याला दिली जात नाही. अशा गोधडीवर करणारीचे नाव नसते. घरातील मोजणीच्या कामांत या श्रमाची गणना कधी झाली नाही, ही उणीव सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

जुन्या गोधड्या शिल्लक न राहण्याचे कारणही तिच्या रचनेतच आहे. विरलेली गोधडी टाकून देत नाहीत. ती नव्या गोधडीच्या पोटात घालतात. आजीच्या हातची शिवण अशा रीतीने नातीच्या गोधडीत दडून राहते व संग्रहालयापर्यंत पोहोचत नाही. बंगालमधील नक्षीदार कंथेचे तसे झाले नाही. भरतकामामुळे ती संग्राहकांच्या नजरेस आली. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात कोकणी-मराठी बोलणारे सिद्दी लोक ‘कवंदी’ नावाची गोधडी करतात. तिच्या कोपऱ्यांवर ‘फूल’ म्हणून त्रिकोणी घड्या शिवतात. तेथील स्त्रियांची सहकारी संस्था २००४ मध्ये स्थापन झाली व त्यांच्या गोधड्या परदेशी प्रदर्शनांतही गेल्या.

घटस्थापनेपूर्वी घरातील सर्व अंथरुणे-पांघरुणे धुण्याचा प्रघात महाराष्ट्रात आहे. भिजलेली गोधडी एकट्या बाईला उचलत नाही. पिळण्यास दोघी लागतात. मनमाडला अनेक दशके नळाचे पाणी बऱ्याच दिवसांच्या अंतराने येत असे. अशा गावात हा प्रघात पाळणे म्हणजे कष्टाचीच बाब होती.

गोधडीची पीछेहाट मुख्यतः दोन कारणांनी झाली. जुनी वस्त्रे घेऊन भांडी देणारी बोहारीण पूर्वीपासून दारी येई. स्टेनलेस पोलादाची भांडी आल्यावर तिच्याकडे कापड जाण्याचे प्रमाण वाढले, आणि पातेले घ्यावे की गोधडी शिवावी, हा हिशेब गृहिणीपुढे उभा राहिला. दुसरे कारण म्हणजे कृत्रिम धाग्यांच्या साड्या. त्या विरत नाहीत, घाम शोषीत नाहीत व थर एकमेकांवर सरकत असल्याने शिवणीत नीट बसत नाहीत. गोधड्या तरीही शिवल्या जातात. भटक्या जमातींतील काही स्त्रिया घरोघरी जाऊन ग्राहकाच्याच कापडाची गोधडी मजुरीने शिवून देतात. शहरांतील दुकानांत यंत्रावर शिवलेल्या, नव्या कापडाच्या गोधड्याही मिळतात. त्यांतील चौकोन एकसारखे, एकाच ताग्यातून कापलेले असतात.