गोणी, तारीफ आणि कस्टम

‘टॅरिफ’ आणि ‘तारीफ’ हे सख्खे भाऊ असावेत. अरबी ‘अ-र-फ’ या धातूत जाणण्याचा अर्थ आहे. त्यावरून ‘तारीफ’ म्हणजे ओळख करून देणे, व्याख्या सांगणे. फारसीमार्गे आपल्याकडे येईपर्यंत ओळखीची स्तुती झाली (चारचौघांत ओळख करून देताना माणूस वाढवूनच बोलतो, त्याचा परिणाम असावा). तोच शब्द भूमध्य समुद्रावरच्या व्यापाऱ्यांबरोबर इटलीत गेला आणि दरपत्रकाला चिकटला. आपली ‘मारफत’ही याच घराण्यातली.

दरपत्रकाने व्याख्येचा मूळ धंदा मात्र अजून सोडलेला दिसत नाही. १९७५ च्या सीमाशुल्क दर अधिनियमाची अनुसूची उघडावी. परदेशातून आलेली कापडी प्रवासी बॅग कापडाच्या प्रकरणांत शोधायला जावे, तर ती तिथे नाहीच. ती बसली आहे ४२व्या, म्हणजे चामड्याच्या वस्तूंच्या प्रकरणात, ४२०२ या शीर्षाखाली, ट्रंका-सुटकेसांच्या पंगतीला. पाठीवरची सॅक, हातातली पर्स, खिशातले कापडी पाकीट, सारी तिथेच. (खिसा हीही मुळात अरबी ‘कीस’, म्हणजे थैलीच, ती अंगरख्याला शिवली गेली तरी नाव सुटले नसावे.) माल भरायचे पोते मात्र ६३०५ खाली, कापडाच्याच घरात. सूत तेच असेना का. कोण काय वाहून नेतो यावर जात ठरते.

या पोत्याला आपण गोणी म्हणतो. इंग्रजांचा ‘गनी’ हा तिचाच अवतार, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण गोणीची खरी गंमत व्याकरणात आहे. पाणिनीला ती धान्य साठवण्याचे साधन म्हणून माहीत आहे. पतंजली महाभाष्यात ‘गो’ शब्दाचे अपभ्रंश मोजतो, तेव्हा त्यात गोणीलाही ओढतो. लोक गाईला गोणी म्हणत असावेत. मग ही शुद्ध की अशुद्ध? भर्तृहरीचा निवाडा असा की गाईसाठी ती अपशब्द, पोत्यासाठी साधुशब्द. विषय बदलला की दर्जा बदलतो. सीमाशुल्काच्या वादात उभ्या राहणाऱ्या वकिलाने भर्तृहरीचे ‘वाक्यपदीय’ चाळायला हरकत नाही.

सावित्री नदीतून महाड बंदरात आलेला माल अशाच गोण्यांतून बैलांच्या पाठीवर घाट चढे. वाटेत जकात. मूळ अरबी ‘जकात’ म्हणजे संपत्ती शुद्ध करणारे दान. आपल्याकडे नाक्यावर थांबून ती निव्वळ वसुली झाली. ती वसूल करणारा जकातदार. यातला ‘दार’ फारसी, आणि संस्कृत ‘धृ’चा भाऊबंद. महाडच्या तळ्याला चवदार म्हणताना आपण देशी वळणाच्या चवीला हाच फारसी प्रत्यय लावतो. जकातदार हुद्दा धरतो, तळे चव धरते.

राहिला ‘कस्टम’. इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ रूढी. व्यापाऱ्याने राजाला रिवाजाप्रमाणे द्यायचे ते देणे, आणि पुढे ते देणे घेणारे खातेच. आपल्या जुन्या लोकांनी त्याचे ‘कष्टम’ केले, ते उच्चाराच्या सोयीने की अनुभवाने, कोण जाणे. पण महाडला हा शब्द पहिल्या अर्थाने कोर्टात उभा राहिलेला आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे सत्याग्रही चवदार तळ्याचे पाणी प्यायले; त्यानंतर गावातल्या काही सवर्णांनी दावा लावला. अस्पृश्यांना या तळ्यावर येऊ न देण्याचा ‘कस्टम’ अनादिकाळापासून चालत आला आहे, हा त्यांचा एक मुद्दा. तळे खासगी की नगरपालिकेचे, हा दुसरा. म्हणजे पुन्हा वर्गीकरणच. नऊ वर्षांहून अधिक काळ खटला चालला. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दावेदारांचे अपील फेटाळले: ही रूढी अनादि असल्याचे सिद्ध होत नाही.