एका टपाल-विमानाच्या छायाचित्राची कालनिश्चिति

सुमारें वीस वर्षांपूर्वीं पुण्यांतील जुन्या पुस्तकांच्या एका विक्रेत्याकडे पोथ्यांचीं सुटीं पानें चाळीत असतां चौकटींत बसविलेलें एक कृष्णधवल छायाचित्र आमच्या हातीं आलें. त्यांत गर्दीनें वेढलेलें एक लहानसें विमान असून खालीं निळ्या शाईनें लिहिलें होतें : ‘टाटांचें पहिलें टपाल-विमान. जुहू, १५ ऑक्टोबर १९३२.’ आम्हीं तें तत्काळ विकत घेतलें, शाळेंत इतिहासाच्या वर्गांत टांगलें, आणि निवृत्त होईपर्यंत दरवर्षीं मुलांस अभिमानानें दाखविलें. पुढें तें आमच्या घरीं आलें. तेथें आमचा एक माजी विद्यार्थी एके दिवशीं भेटावयास आला. जुनीं विमानें ओळखण्याचा त्यास विलक्षण छंद आहे. भिंतीवरील चित्राकडे क्षणभर पाहून तो म्हणाला, “सर, या तारखेस हें विमान अस्तित्वांतच नव्हतें.”

इतरांच्या सनावळींतील चुका दाखविण्यांत आमचें आयुष्य गेलें. तेव्हां हें वाक्य आम्हांस झोंबलें, हें सांगावयास नको. परंतु प्रश्न आमच्या मानाचा नसून प्रमाणाचा होता. सबब त्या चित्राची छाननी एखाद्या जुन्या सनदेप्रमाणें करावयाचें आम्हीं ठरविलें. तिचा निष्कर्ष येथें सादर करीत आहों.

प्रथम मूळ घटना. ता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून टपाल घेऊन उड्डाण केलें, व अहमदाबादेस थांबून ते मुंबईस जुहू येथें उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं टपाल बेल्लारीमार्गें मद्रासेस नेलें. जुहूचें मैदान पावसाळ्यांत निरुपयोगी होई. त्यामुळें प्रारंभींच्या काळांत तेवढ्यापुरता मुक्काम पुण्यास येरवड्याजवळच्या मैदानावर हलवावा लागे. टाटांनीं त्या दिवशीं चालविलेलें विमान इंग्लंडांतील डी हॅव्हिलंड कंपनीचें, ‘पुस मॉथ’ जातीचें होतें. त्याचीं नोंदणीचीं अक्षरें ‘व्हीटी–एडीएन’ अशीं होतीं.

आतां चित्रांतील विमान. ‘पुस मॉथ’ आणि त्याच कारखान्याचें ‘लेपर्ड मॉथ’ हीं दोन विमानें प्रथमदर्शनीं सख्ख्या भावंडांसारखीं दिसतात. दोन्हीं एकपंखी, दोहोंचा पंख माथ्यावर बसविलेला, दोहोंची बैठक बंदिस्त, दोहोंच्या नाकांत चार नळकांड्यांचें, उलटें बसविलेलें ‘जिप्सी’ एंजिन. परंतु पुस मॉथच्या पंखाची रुंदी मुळापासून टोंकाजवळपर्यंत बहुतेक सारखी असते. लेपर्ड मॉथचा पंख टोंकाकडे निमुळता होत जातो. पुस मॉथच्या धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, तर लेपर्ड मॉथचें धड प्लायवुडचें. हा दुसरा भेद चित्रावरून कळणें कठीण. पहिला मात्र कळतो. आमचें चित्र कोठल्यातरी उंच जागेवरून घेतलेलें असल्यामुळें पंखाचा आकार पूर्ण दिसतो, आणि तो निमुळता आहे यांत संशय नाहीं. लेपर्ड मॉथचें पहिलें उड्डाण मे १९३३ मध्यें झालें. अर्थात् ऑक्टोबर १९३२ मध्यें तें जुहूस उतरणें असंभवनीय होय.

येथें कोणी विचारील कीं, नोंदणीचीं अक्षरें पाहिलीं नव्हतीं काय? पाहिलीं होतीं. चित्रांत ‘व्हीटी–ए’ एवढींच दिसतात. उरलेलीं दोन माणसांच्या डोक्यांआड गेलीं आहेत. भारतांत नोंदलेल्या प्रत्येक विमानाचीं अक्षरें ‘व्हीटी’ पासूनच सुरू होतात. तेव्हां या जुळणीचें मोल फार थोडें. तरीहि तेवढीं जुळतांच पुढलीं दोन आम्हीं मनानें भरून घेतलीं. त्रुटित शिलालेख वाचतांना जो दोष आम्ही दुसऱ्यांस लावीत आलों, तोच आमच्या हातून घडला.

यानंतर आम्हीं चौकट उघडली. हें काम पहिल्याच दिवशीं करावयास हवें होतें. बांधणी करणारा जसा पोथीचा समास कापून त्यावरील टीपा नाहींशा करितो, तसा येथें चौकटीच्या पट्टीनें चित्राचा कांठ झांकला होता. त्या कांठावर एका अनेकमजली इमारतीचा कोपरा निघाला. पाठीमागें छायाचित्रकाराचा रबरी शिक्का मिळाला. त्यांतील नांव पुसट असलें तरी ‘ऑक्टो. १९८२’ हा मजकूर स्वच्छ वाचतां येतो. म्हणजे विमानाच्या जातीवरून १९३३ ही पूर्वमर्यादा, आणि शिक्क्यावरून १९८२ ही उत्तरमर्यादा ठरली. त्यांतहि ता. १५ ऑक्टोबर १९८२ रोजीं, पहिल्या उड्डाणास पन्नास वर्षें पूर्ण झालीं तेव्हां, टाटांनीं वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं कराचीहून मुंबईपर्यंत तोच प्रवास पुन्हां केला. आणि त्या वेळचें विमान लेपर्ड मॉथ होतें, हें प्रसिद्धच आहे. शिक्क्यांतील महिनाहि तोच. आमचें चित्र या सुवर्णमहोत्सवी उड्डाणाचें आहे, असा आमचा निर्णय आहे.

मग खालील मजकूर बनावट म्हणावा काय? आमच्या मतें नाहीं. हस्तलिखितांच्या अभ्यासकांस एक अनुभव नेहमीं येतो. लेखक मूळ प्रतीवरून नक्कल करितांना शेवटची पुष्पिकाहि जशीच्या तशी उतरतो, आणि दोनशें वर्षांनंतरच्या प्रतीवर मूळ प्रतीचा शक येऊन बसतो. त्यांत कपट नसतें, केवळ निष्ठा असते. येथेंहि तसेंच झालें असावें. दिवस आणि महिना नकलेचे, परंतु मूळचेहि तेच. वर्ष तेवढें मूळ घटनेचें लिहिलें गेलें. शब्द हें प्रमाण खरें, परंतु तो आप्ताचा शब्द असला पाहिजे. आणि मथळा कोणी, केव्हां लिहिला हें कळल्याविना त्यास आप्तवाक्याची योग्यता देतां येत नाहीं.

विमानाच्या शरीराची साक्षहि डोळे मिटून घेऊं नये, हें येथें सांगणें अवश्य आहे. राइट बंधूंनीं १९०३ मध्यें उडविलेलें विमान अस्सल आहे, परंतु त्यावरील कापड १९२७ मध्यें व पुन्हां १९८५ मध्यें बदललें. संग्रहालयांतून एका विमानावर दुसऱ्याचीं अक्षरें रंगविण्याचाहि प्रघात आहे. सबब रंग व अक्षरें हीं शेवटीं पाहावींत. पंख, धड, चाकांचे पाय यांची घडण आधीं पाहावी. अक्षरें तासाभरांत बदलतात. पंखाचा आराखडा तसा बदलत नाहीं.

ही सर्व दृष्टि आम्हांस त्या विद्यार्थ्यापासून मिळाली. विमानांच्या या छंदास आम्ही एके काळीं पोरखेळ समजत होतों. आतां असें वाटतें कीं, अक्षराच्या वळणावरून शतक ओळखणारा आणि पंखाच्या वळणावरून वर्ष ओळखणारा हे दोघे एकाच शास्त्राचे उपासक होत.

चित्राखालील मूळ मजकूर आम्हीं खोडला नाहीं. त्याखालीं निराळ्या शाईनें खरा काल, कारणें आणि आमची सही घातली, व चित्र शाळेस परत दिलें. ज्या मुलांस आम्हीं तें चुकीचें शिकविलें तीं आतां दूर दूर पांगलीं आहेत; त्यांच्यापर्यंत ही दुरुस्ती पोंचविण्याचा दुसरा मार्ग आमच्यापाशीं नाहीं. ज्या वाचकांच्या संग्रहीं जुहूचीं किंवा येरवड्याचीं अशीं विमान-चित्रें असतील, त्यांस एवढीच विनंति कीं, मथळा वाचण्यापूर्वीं चौकट उघडावी.