डबा संपला, तर बाळाला काय पाजायचं?

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद. भाजीपाला येत नाही, तिथे बाळाच्या दुधाच्या पावडरचा डबा कुठून येणार? आणि हे फक्त जंगलातच होतं असंही नाही. 2022 मध्ये अमेरिकेत मिशिगनचा एक कारखाना बंद पडला आणि डब्यासाठी आईबाप गावोगाव फिरले. त्यात आपली मराठी पोरंबाळंही होती.

आपल्याकडे या डब्यावर कायदा आहे, 1992 चा. जाहिरात करायची नाही, आयांना फुकट नमुने वाटायचे नाहीत. चांगला कायदा, पण बंदीने पोट भरत नाही. ज्या आईचं दूध उतरत नाही, बाळ दोन किलोचंही नाही, ओढायची ताकद नाही, तिला सांगणारं माणूस लागतं.

हे माणूस गडचिरोलीने तयार करून दाखवलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने 1995 पासून 39 गावांत गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. त्या घरी जायच्या, बाळाचं वजन करायच्या, गरम ठेवायला लावायच्या. बाळ नीट लागत नसेल तर कसं धरायचं ते दाखवायच्या. आईचं दूध काढून चमच्याने पाजायला शिकवायच्या. जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शनही द्यायच्या, यावरून तेव्हा डॉक्टरमंडळींत बराच वाद झाला होता. तीन वर्षांत शेजारच्या गावांच्या तुलनेत नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापलं. 2011 मध्ये केंद्र सरकारने हेच काम आशाताईंकडे दिलं. दवाखान्यात बाळंतपण झालं तर घरी सहा भेटी, घरी झालं तर सात.

म्हणून अडचण आली तर पहिला निरोप आशाताईला, मग 104 ला फोन. डबा पुरवायचा म्हणून पावडर पातळ करू नका, त्याने बाळ उपाशी राहतं. सहा महिन्यांच्या आत भाताची पेज, साखरपाणी नको. बंद झालेलं दूधही बाळाला वारंवार लावून पुष्कळदा परत येतं, पण त्याला दिवस लागतात आणि मदतही. तोवर काय द्यायचं ते डॉक्टरच सांगतील.

आई बाळंतपणात गेली असेल तर? तिथे आशाताईचेही हात तोकडे पडतात. मुंबईत सायन हॉस्पिटलला 1989 मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी दूधपेढी सुरू केली, आशियातली पहिली. 2017 मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या: मेडिकल कॉलेजात दात्यांच्या दुधाची पेढी, जिल्हा रुग्णालयात आईचं दूध काढून तिच्याच बाळासाठी ठेवायची सोय. चंद्रपूरला 2015 पासून शासकीय मेडिकल कॉलेज आहे. दोन्ही जिल्ह्यांत यातलं काय सुरू आहे, काय फक्त कागदावर आहे, हे पुढच्या आमसभेत आमदारांना विचाराच.